श्रीदेवीचं देऊळ आणि घाण्यामागे पळीभर तेल

आमच्या आजीला पाटणच्या महादेवाचं देऊळ कुणी बांधलं असं विचारलं की ती क्षणभरही थांबत नाही, "पांडवस्नी, एक रातमां" असं सांगून मोकळी होते. आणि मामाला विचारलं तर तो शाळेत शिकवायचा त्यामुळे जरा गंभीर होऊन "हेमाडपंती आहे" म्हणतो. खानदेशात कुठलंही काळ्या दगडाचं जुनं देऊळ दाखवा, बलसाणं असो, वाघळी असो, चांगदेव असो, ही दोनच उत्तरं मिळतात. मीही लहानपणापासून तेच म्हणत आले. गेल्या डिसेंबरात पाटणला जाऊन आल्यापासून मात्र मला ही दोन्ही उत्तरं देववत नाहीत, कारण त्या देवळात बांधणाऱ्यांची नावं दगडात कोरून ठेवलेली आहेत आणि आपण ती कधी विचारलीच नाहीत.

चाळीसगावहून पाटण, म्हणजे आजचं पाटणादेवी, साधारण अठरा-वीस किलोमीटर. नवरात्रात चंडिकेच्या दर्शनाला सगळा तालुका लोटतो, तेव्हा मीही कितीदा तरी गेलेय, पण देवीचं दर्शन, नारळ, गर्दी, परत. महेश्वराचं, म्हणजे ते महादेवाचं देऊळ तिथेच जवळ, आणि तिकडे आम्ही फक्त डबा खायला जायचो, सावली असते म्हणून. या वेळी थंडी होती, गर्दी नव्हती, सोबत भाचा होता त्याच्याकडे चांगला टॉर्च होता, आणि मी जायच्या आधी शिलालेखांबद्दल जे मिळेल ते वाचून काढलं होतं. आज सगळा परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो, वस्ती नाही, चौकी ओलांडून आत शिरलं की सातमाळा डोंगरांची रांग अंगावर आल्यासारखी उभी राहते. पण बाराव्या शतकात हे चालतं-बोलतं गाव होतं, बाजाराचं गाव, आणि ते किती चालतं-बोलतं होतं ते पुढे सांगते.

आधी देऊळ. देवळातल्याच शिलालेखात शके १०७५ आहे, म्हणजे इसवी सन ११५३. तेव्हा या भागाला सेऊणदेश म्हणायचे, वर यादवांची सत्ता आणि त्यांच्या हाताखाली इथे निकुंभ घराणं. स्वतःला सूर्यवंशी म्हणवणारं, खानदेशातल्या १६०० गावांवर अंमल असलेलं. लेखात एकामागून एक नावं येतात, कृष्णराज, गोवन, गोविंदराज, पुन्हा गोवन, पुन्हा कृष्णराज आणि मग इंद्रराज. या इंद्रराजाने शंकराचं देऊळ बांधायला घेतलं. आणि देऊळ पूर्ण व्हायच्या आधी तो गेला.

मुलगा गोवन, म्हणजे तिसरा गोवन, तेव्हा लहान. राज्य चालवायला लागली त्याची आई श्रीदेवी, सगर कुळातली. आणि नवऱ्याने अर्धवट सोडलेलं देऊळ तिने पुरं करून घेतलं.

मी हे वाचलं तेव्हा घरी होते, चहा गार झाला तरी लक्षात आलं नाही. इतक्या वेळा त्या देवळाच्या सावलीत बसून भरीत-पुरी खाल्ली आणि एका बाईने, विधवा झालेल्या, पदरात लहान पोर आणि डोक्यावर १६०० गावांचा कारभार असताना ते पुरं केलंय हे आम्हाला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. दगड घडवणारे पाथरवट, ओढणारे बैल, त्यांचं रोजचं खाणं, हे सगळं चालू ठेवायला किती निग्रह लागला असेल. अर्धवट सोडलेली देवळं महाराष्ट्रात कमी नाहीत, राजा गेला की काम थांबतं. इथे थांबलं नाही.

आता हेमाडपंतांचं. हेमाद्री पंडित, म्हणजेच हेमाडपंत, हे महादेव यादव आणि रामचंद्र यादव यांच्या दरबारातले मंत्री, चतुर्वर्गचिंतामणी हा धर्मशास्त्राचा ग्रंथ लिहिणारे, फार मोठा माणूस, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण महादेव यादव गादीवर आला तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, १२६० च्या आसपास. म्हणजे श्रीदेवीचं देऊळ उभं राहून शंभरावर वर्षं झाल्यावर. आपल्याच तालुक्यातल्या वाघळीचा शिलालेख तर शके ९९१ चा, इसवी सन १०६९, दुसऱ्या सेऊणचंद्राच्या काळातला, तिथे देऊळ बांधणारा गोविंदराज नावाचा मौर्य घराण्यातला मांडलिक (हो, मौर्य, पाटलीपुत्राचे ते सम्राट गेल्यावर बाराशेहून जास्त वर्षांनी खानदेशात मौर्य नाव लावणारं घराणं होतं, मलाही धक्का बसला होता). म्हणजे आपण ज्याला हेमाडपंती म्हणतो ती चुना न वापरता बांधायची रीत हेमाडपंतांच्या आजोबांच्याही आधीपासून इथे मुरलेली होती. शैलीचं नाव म्हणून शब्द राहू दे, इतका रुळलाय की काढून टाकता येणार नाही, पण "हेमाडपंतांनी बांधलं" असं म्हटलं की श्रीदेवी पुसली जाते, वाघळीचा गोविंदराज पुसला जातो, आणि ते मला आता सहन होत नाही. पाटणला अजून एक घोळ होऊ शकतो, कारण तिथल्या नंतरच्या लेखात हेमाडिदेव हे नाव येतं. ते वाचून कुणालाही वाटेल की बघा, सापडले हेमाडपंत. पण हा हेमाडिदेव निकुंभ घराण्यातला राजा, वेगळा माणूस.

बांधकाम बघताना मला एक सवय लागलीय ती सांगते. आपण देवळात गेलो की आधी मान वर करतो, शिखर, कळस. मी आता आधी खाली बसते. जोत्याचे थर बघायचे. एकावर एक आडव्या पट्ट्या असतात, कुठे गोलसर, कुठे कणीदार धार असलेली, कुठे आत गेलेली, आणि उन्हं तिरपी असली की प्रत्येक पट्टीखाली सावलीची एक रेघ उमटते. इतका जड दगड असून इमारत जमिनीवर बसल्यासारखी न वाटता थराथराने वर चढल्यासारखी दिसते ती या रेघांमुळे. आणि मग सांधे बघायचे. दगड आपल्याच डोंगराचा, काळा पाषाण, छिन्नीला दाद न देणारा, पण एकदा घडवला की शेकडो वर्षं धार न सोडणारा. दोन दगडांमध्ये चुना नाही. दगडाला दगड असा घासून बसवलाय की भाच्याने आपलं एटीएम कार्ड सांध्यात घालायचा प्रयत्न केला, नाही गेलं. मी त्याला लगेच थांबवलं, पण मनातून आनंद झाला.

चुना नसताना छत कसं टिकतं हा प्रश्न मला शाळेपासून होता, मामाला विचारलं की तो "वजनावर" एवढंच म्हणायचा, आणि खरंच उत्तर तेवढंच आहे फक्त ते समजून घ्यायला वेळ लागला. या काळच्या देवळांत कमान नाही. चार खांब, त्यावर चार तुळया, झाला एक चौकोन. त्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर तिरके दगड टाकायचे, की मधली मोकळी जागा लहान होते आणि चौकोन आतल्या आत फिरल्यासारखा दिसतो. पुन्हा कोपरे कापायचे, पुन्हा लहान. शेवटी एवढंसं भोक उरतं आणि त्यावर एक फुलाचा दगड झाकणासारखा. दुसरी रीत गोल थरांची, प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवायचा, पण त्याचा मागचा भाग वरच्या वजनाखाली दाबलेला राहतो म्हणून पुढचं टोक खाली येत नाही. घरी पुस्तकांची चळत टेबलाच्या कडेला एकेक पुस्तक पुढे सरकवत ठेवून बघा, मागे जड काहीतरी ठेवलं की पुढचं पडत नाही, तेच आहे. म्हणजे वरचं ओझं हाच त्या देवळाचा चुना. कोणी वरचे दगड काढून नेले, गोठ्याला नाहीतर बांधाला लावले, की खालचं छत आपोआप धोक्यात येतं, आणि गावोगावच्या पडक्या देवळांचं बऱ्याचदा हेच झालंय.

खांबांचंही असंच, खाली चौकोनी, मग अष्टकोनी, मग गोल, मग वर तबकासारखा थर आणि त्यावर हात वर करून तुळई पेलणारे बुटके कीचक. लहानपणी मला त्या कीचकांची दया यायची, अजूनही येते. सभामंडपातून अंतराळ (म्हणजे मंडप आणि गाभारा यांमधली छोटी जागा), अंतराळातून गाभारा, प्रत्येक पावलाला उजेड कमी होत जातो आणि डोळे सरावेपर्यंत तुम्ही आपोआप हळू चालायला लागता. बाहेर उन्हात सगळी कलाकुसर, आत जवळजवळ काही नाही, पिंडी आणि अंधार आणि गारवा. हे ज्याने ठरवलं त्याला माणसाचं मन कळत होतं.

शिलालेख वाचायची एक युक्ती म्हणजे टॉर्च समोरून न मारता बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून मारायचा, मग अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि जे सपाट वाटत होतं ते उठून येतं. कृपा करून खडू, पीठ, हळद-कुंकू अक्षरांवर घासू नका, लोक फोटो चांगला यावा म्हणून करतात आणि एकेका घासण्याने थोडं थोडं अक्षर जातं. अक्षरं देवनागरीच्या जवळची आहेत, भाषा संस्कृत, मला सलग वाचता येत नाही, पण एखादं अक्षर ओळखीचं सापडलं की अंगावर शहारा येतो.

पाटणचा दुसरा लेख मात्र मला सगळ्यात जवळचा, आणि त्याचा शेवट आपल्या भाषेत आहे. भवानीच्या जुन्या देवळात तो होता, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यामुळे तो जगापुढे आला आणि १८६५ साली त्यांनी त्याबद्दल लिहिलं. विचार करा, मुंबईतला एक नामांकित डॉक्टर, रोगी बघता बघता जुने लेख गोळा करणारा. लेख शके ११२८ चा. त्यात थोर गणिती आणि ज्योतिषी भास्कराचार्यांचं अख्खं कूळ दिलंय, त्रिविक्रमापासून भास्कराचार्यांचे वडील महेश्वर, मग स्वतः भास्कराचार्य, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर, ज्याला यादव राजा जैत्रपालाने याच गावातून आपल्याकडे नेऊन पंडितांचा प्रमुख केलं, आणि नातू चांगदेव, जो सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. या चांगदेवाने आजोबांचा सिद्धांतशिरोमणी हा गणित-ज्योतिषाचा ग्रंथ आणि त्यांचे बाकीचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ काढला. त्याला निकुंभांच्या सोइदेवाने दान दिलं आणि त्याच्यानंतर त्याच्या भावाने, म्हणजे वर सांगितलेल्या हेमाडिदेवाने, त्यात भर घातली.

इथपर्यंत बरेच लोक सांगतात, चाळीसगावात तर भास्कराचार्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण लेखाचा शेवट संस्कृत सोडून एकदम मराठीत उतरतो, कारण तिथे हिशेब आहे, आणि हिशेब ज्यांनी द्यायचा त्यांना कळायला हवा. "इयां पाटणीं जें केणें उघटे", म्हणजे या पाटणात जो माल उघडेल, विक्रीला येईल, त्यावर राजाचा जो कर गिऱ्हाइकाकडून येत होता "तो मढा दीन्हला". मढा म्हणजे मठाला. ब्राह्मणांना विकणाऱ्यांकडून जे मिळायचं ते ब्राह्मणांनी दिलं. नगराने गिऱ्हाइकाच्या दामाचा विसोवा, म्हणजे विसावा हिस्सा दिला. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळं, सुपाऱ्या. पहिल्या घाण्याची लोटी मठाला. आणि मग ही ओळ, जी मला आता पाठ झालीय, "जेती घाणे वाहति तेतियां प्रति पळी पळी तेला", जेवढे घाणे चालतात तेवढ्यांमागे एकेक पळी तेल. शिवाय इथे जे मापायचं ते मठाच्या मापाने मापायचं, मापाईचा अर्धा भाग मठाला आणि अर्धा मापणाऱ्याला.

सांगा आता, हे गाव डोळ्यांसमोर उभं राहतं की नाही. जिथे आज फक्त पानगळ आणि वानरं आहेत तिथे तेल्यांची आळी होती, घाणे करकरत होते, केण्याचे बैल येत होते, मापाडी उभा होता, आणि तेली घाण्यातून एक पळी बाजूला काढून ठेवत होता ते मठात गणित शिकणाऱ्या पोरांच्या दिव्यासाठी. दिव्यासाठी हे मी म्हणतेय, लेखात तसं लिहिलेलं नाही, पण तेल दुसरं कशाला लागणार, दिवा आणि फोडणी. म्हणजे ग्रहांची गती शिकवणारी शाळा चालली ती राजाच्या एकट्याच्या खजिन्यावर चालली नाही, वाण्याच्या, तेल्याच्या आणि मीठ-सुपारी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या वाट्यावर चालली. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. हा लेख तिच्याही ८४ वर्षं आधीचा, आणि तो आपल्या चाळीसगाव तालुक्यातला.

आणि "दीन्हला" हा शब्द. माझं सगळं लक्ष त्या शब्दावर अडकलं. पुस्तकी मराठीत आपण दिला म्हणतो. पण आमच्या घरी आजी आजही "दिन्हा" म्हणते. माले दिन्हा, त्याले दिन्हा. शाळेत मी एकदा निबंधात दिन्हा लिहिलं होतं तेव्हा बाईंनी लाल गोल करून "अशुद्ध" लिहिलं आणि वर्ग हसला होता, तेव्हापासून मी घराबाहेर अहिराणी बोलायची बंद झाले ती कित्येक वर्षं. तोच शब्द, तसाच ह लावून, आठशे वर्षांपूर्वी राजाच्या दानलेखात बसलाय. मी देवळाच्या पायरीवर बसून भाच्याला तो शब्द तीन-चारदा म्हणायला लावला. त्याला अहिराणी येत नाही, पुण्याला वाढलाय, पण दिन्हा त्याला जमलं.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. परत येताना वाटेतल्या एका गावात (नाव नको, गावातली माणसं चांगली आहेत, प्रेमापोटीच केलंय) असंच काळ्या पाषाणाचं छोटं देऊळ होतं आणि त्याच्या खांबांना खालपासून वरपर्यंत ऑइलपेंट दिलेला, निळा आणि पिवळा, गाभाऱ्यात टाइल्स, जोत्याचे थर सिमेंटखाली गेलेले. पुजारीकाका अभिमानाने दाखवत होते, वर्गणी काढून केलं म्हणाले. मी त्यांच्याशी बराच वेळ बोलत बसले. वर्गणी काढून देऊळ सांभाळणं ही तर याच मातीतली रीत, मी त्यांना घाण्यामागे पळी तेलाचं सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. मग हळूच म्हटलं, काका, रंगाने दगडातली ओल बाहेर पडत नाही, पापुद्रे सुटतात, आणि एखादी ओळ कोरलेली असेल तर ती भरून जाते. ते म्हणाले, एका खांबावर लहानपणी काहीतरी अक्षरं दिसायची खरी. आम्ही दोघं त्या खांबापाशी गेलो, टॉर्च तिरका मारला. निळ्या रंगाखाली दोन-तीन उभ्या रेघांसारखं काहीतरी होतं. त्यांनी यंदा रंगाचा हात द्यायचा नाही असं कबूल केलंय, आणि रंग खरवडायचा तर जाणकार माणसाकडूनच, घासपेपरने अजिबात नाही, हेही.

रात्री मामाकडे मुक्काम होता. आजी चुलीपाशी होती, कळण्याची भाकरी चालली होती, मी तिला श्रीदेवीची गोष्ट सांगितली. तिने भाकरी उलटली आणि विचारलं, "पोऱ्या केवढा व्हता तिना?" मी म्हटलं लहान होता, वय लिहिलेलं नाही. आजोबा गेले तेव्हा मामा चार वर्षांचा होता. ती मग बराच वेळ काही बोलली नाही.

जेवणं झाल्यावर तेलाची ओळ वाचून दाखवली तर ती पटकन म्हणाली, आपल्याही गावात तेल्याचा घाणा होता, तिच्या लग्नानंतरही काही वर्षं चालू होता, आणि सोमवारी महादेवाच्या दिव्याचं तेल तिथूनच यायचं, पैसे कुणी घेत नसे. कुठे होता विचारलं तर म्हणे पिंपळाखाली तो गोल दगड शे ना, पोरं बसतस त्यावर. तो दगड. आम्ही सगळी मामेभावंडं त्यावर बसून कुल्फी खायचो.

सकाळी मी आणि भाचा पाण्याची बादली आणि खराटा घेऊन पिंपळाखाली गेलो. माती निघाल्यावर मधली खोल खळगी दिसली, आतून गुळगुळीत, हात फिरवला तर अजून तेलकट वाटावी इतकी. काठावर फिरून फिरून झिजलेली एक बाजू. आजी काठी टेकत आली, खळगीत साचलेलं पाणी तिने पदराने टिपून काढलं.